सडा पडीक नसतो

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आठवणी लिहाव्यात असे सुचवले होते. आठवणी पुष्कळ आहेत, आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे माजी विद्यार्थी या अंकात असतीलच. मी त्या जागेवर एक प्रश्न मांडण्याची परवानगी घेतो. हा प्रश्न माझ्या घरी दोन वर्षांपूर्वी आला. शेजारच्या वाडीत तो त्याआधीच येऊन गेला होता, आणि मालवण, कुडाळ, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांतील आपल्या समाजाच्या अनेक घरांच्या दारात तो आज उभा आहे. गावच्या सड्यावर आपल्या नावची जी थोडीबहुत सामाईक जमीन आहे, ती चिरेखाणीला द्यावी का? की एखाद्या दलालामार्फत विकून मोकळे व्हावे?

प्रश्न घेऊन येणारा माणूस गोड बोलतो. त्याचे पहिले वाक्य ठरलेले असते : जमीन तशीही पडीकच आहे. मला या 'पडीक' शब्दाबद्दल लिहायचे आहे.

मुंबईत जन्मलेल्या पिढीसाठी सडा म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. किनाऱ्याकडून गावात चढत गेले की माडा-पोफळीच्या बागा संपतात, पाणंद चढणीला लागते आणि वर एकदम उघडे, काळपट, सपाट कातळ पसरलेले दिसते. हा जांभ्या दगडाचा माथा. मे महिन्यात तिथे अनवाणी उभे राहता येत नाही. गवत वाळून पांढरे पडलेले असते आणि झाड म्हणावे तर कुठे एखादी करवंदीची जाळी. हा देखावा पाहून कोणीही म्हणेल की इथे काही नाही. दलाल गिऱ्हाईक घेऊन येतो तोही बहुधा याच दिवसांत.

तोच सडा जुलैच्या अखेरीस पाहावा. कातळाच्या खळग्यांत बोटभर माती साचलेली असते, आणि त्या बोटभर मातीत तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे अशी फुले एकामागून एक फुलतात. सीतेची आसवे ही दिसायला नाजूक जांभळी फुले. पण ती वनस्पती कीटक आणि सूक्ष्म जीव पकडून खाते. दवबिंदू नावाची तिची शेजारीणही तसेच करते. इथल्या मातीत नत्र इतके कमी असते की या वनस्पतींनी पोट भरण्याची ही वेगळी वाट शोधून काढली. सड्यावरची काही फुले पश्चिम घाट आणि कोकण सोडून जगात इतरत्र आढळत नाहीत. गुरांना चरायला गवत, घरी न्यायला फोडशी, कुर्डू आणि टाकळा, मे महिन्यात करवंदे हे सारे याच पडीक जमिनीवरचे. ज्या घरांत भाजी विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्या घरांनी पावसाळे सड्यावरच्या भाजीवर काढले. आमचे घर त्यांपैकी एक.

परंतु सड्याचे खरे काम डोळ्यांना दिसत नाही. जांभा दगड स्पंजासारखा सच्छिद्र असतो. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. सड्यावर पडलेले पाणी खळग्यांत थांबते, भेगांतून आणि छिद्रांतून खाली झिरपते, आणि जांभ्याच्या तळाशी असलेल्या चिकणमातीच्या थराला टेकले की आडवे वाहत जाऊन डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. व्हाळाला डिसेंबर-जानेवारीपर्यंत जे पाणी राहते, खालच्या वाडीच्या विहिरीत मार्चमध्ये जी ओल असते, ती या माथ्यावर जिरलेल्या पाण्याची. आमची काकी कधी शाळेत गेली नाही. दलालाचे पडीक जमिनीचे पुराण ऐकून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "सडो पडीक नाय रे बाबा, पाणी पिता तो." भूगर्भशास्त्राचे पाठ्यपुस्तक हेच पानभर लिहून सांगते.

मालवण तालुक्यातीलच धामापूरचा तलाव पाहावा. १५३० साली बांधलेला हा तलाव आजही सिंचनाला पाणी देतो, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर वारसा सिंचन स्थळ म्हणून त्याचा गौरव झाला. बांध घालणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण पाचशे वर्षे हा तलाव टिकला त्यात भोवतीच्या झाडीच्या डोंगरांचाही वाटा आहे. पाणी अडवणारा बांध लोकांच्या लक्षात राहतो. पाणी जिरवणारा डोंगर कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण त्याचे बांधकाम कोणी केलेले नसते.

आता 'पडीक' हा शब्द आला कुठून ते पाहू. महसूल खात्याची नजर नांगराची नजर आहे. ज्या जमिनीतून पीक निघते तिचा आकार ठरतो. जिच्यातून निघत नाही ती सातबाऱ्यावर 'पोटखराबा' या रकान्यात जाते. केंद्र शासन देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशे प्रसिद्ध करते, त्यांतही उघड्या खडकाळ जमिनीचा वर्ग 'ओसाड' म्हणूनच आहे. नोंद करणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसेल. पण एकदा जमीन ओसाड म्हणून नोंदली की तिचे काहीही केले तरी ती सुधारणाच ठरते.

या नोंदीशी आपल्या समाजाचा जुना संबंध आहे, म्हणून हा विषय या स्मरणिकेत मांडण्याचे धाडस करतो. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात खोतीची पद्धत होती. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. पुढे कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला आणि कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला. ही मोठी गोष्ट होती; तिचे मोल कमी लेखू नये. तरीही एक गोष्ट त्या कायद्याच्या नजरेतून सुटली. सड्यावर कोणी नांगर धरत नव्हते. तिथे गवत कापणारी, गुरे चारणारी, भाजी आणि सरपण गोळा करणारी माणसे, आणि त्यांतही बहुतेक स्त्रिया, या कोणाच्याच 'कसणारे' या व्याख्येत बसल्या नाहीत. ज्यांनी सडा वापरला त्यांच्या नावावर तो फारसा आला नाही. काही वाड्यांना थोडी जमीन कुळकायद्यातून मिळाली, काहींना १९५८च्या कायद्याने वतने नष्ट झाल्यावर पुनःप्रदान होऊन मिळाली. ती बहुधा अशीच, गावाच्या कडेची, उताराची, कातळाची. चांगली मळ्याची जमीन आपल्या वाट्याला येणार कुठून?

सांगायचे ते असे, की गावाने जी जमीन निरुपयोगी ठरवली होती तिच्याच कडेला आपली वस्ती ठेवली होती. जमिनीला लावलेले विशेषण आणि माणसांना लावलेले विशेषण एकाच दौतीतून निघाले होते. आपण स्वतःला लावलेले विशेषण १९५६ साली फेकून दिले. जमिनीला लावलेले मात्र अजून आपल्याच तोंडी आहे, आणि आता तर आपण ते दलालाकडून ऐकून मान डोलावतो.

या शब्दाने काय काय करायला मोकळीक दिली त्याची मोठी यादी होईल. चिपीच्या सड्यावर विमानतळ झाला, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तो सुरू झाला. मुंबईची माणसे त्याने गावी येऊ लागली. मीही एकदा आलो. देवगड पट्ट्यात कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून हापूस उभा राहिला, आणि १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबागांना अनुदान मिळाल्यावर आंबा-काजूने या जिल्ह्याची अर्थव्यवस्था बदलली. या सगळ्याला सरसकट नावे ठेवणे मला जमणार नाही. आंब्याने अनेक घरे उभी केली. फक्त एवढी नोंद करतो, की शंभर टक्के अनुदान घ्यायलाही आधी स्वतःच्या नावावर जमीन लागते. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, त्यांच्या वाट्याला दुसऱ्याच्या बागेत फवारणीची मजुरी आली.

चिरेखाणीचे प्रकरण मात्र निराळे आहे. जांभ्याचा चिरा जमिनीत असतो तेव्हा मऊ, कापता येण्याजोगा असतो. वारा लागला की कठीण होतो. या गुणामुळेच कोकणातली घरे चिऱ्याची आहेत आणि आपल्या वसतिगृहाच्या भिंतीही चिऱ्याच्याच आहेत, हे लिहिताना मी विसरत नाही. पूर्वी छिन्नीने चिरे काढत तेव्हा एका खाणीला वाढायला पिढी लागे. आता कातळ कापणारी यंत्रे आहेत आणि पूर्वी वर्षानुवर्षे चालणारे काम एका हंगामात उरकते. वरची बोटभर माती आणि तिच्यातले सारे जीवन आधी बाजूला सारले जाते. मग पाणी पिणारा दगडच निघून जातो. मागे उरतो सरळ भिंतींचा खोल चौकोन. पावसात तो भरतो. गुरे त्यात पडतात. पोहायला गेलेल्या मुलांच्या बातम्या आपण वाचतो. खाण संपल्यावर ती भरून द्यावी अशी अट कागदावर असते. ती पाळली गेल्याचे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले. खणलेली लाल माती पावसाच्या पाण्याबरोबर व्हाळात, व्हाळातून कर्ली आणि कालावलच्या खाड्यांत जाते. तिथे गाळात पाय रोवून तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बायकांना खाण कोणाच्या सातबाऱ्यावर होती ते कधी कळत नाही. त्याही पुढे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत, ज्यांच्यासाठी १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. प्रवाळाला गढूळ पाणी सोसत नाही.

आणि केवळ ठेकेदारालाच दोष द्यावा असेही नाही. आम्ही विद्यार्थी असताना मोठ्या उत्साहाने सड्यावर वृक्षारोपण केले होते. पहारीने कातळ फोडला, टोपलीने माती वाहिली आणि ऑस्ट्रेलियन अकेशियाची रोपे ओळीने लावली. त्या काळी सगळीकडे तेच लावत. रोपे जगली याचा आम्हांला अभिमान होता. आज तिथे गेलो तर झाडे उंच आहेत, खाली न कुजणाऱ्या पानांचा थर आहे आणि त्या थराखाली तेरडाही उगवत नाही. उघडी जमीन दिसली की तिच्यावर झाड लावलेच पाहिजे, हाही 'पडीक' या शब्दाचाच एक अवतार. दरवर्षी ५ जूनला आणि जयंतीला आपल्या अनेक शाखा वृक्षारोपण करतात. पिंपळ, वड, जांभूळ, किंजळ अवश्य लावावेत; पण व्हाळाच्या काठी, पाणंदीला, विहाराच्या आवारात, जिथे माती आहे तिथे. सड्याला सडा राहू द्यावे.

मालवण तालुक्यात कुडोपी गाव आहे. तिथल्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी कातळात आकृती कोरून ठेवल्या. गावच्या लोकांना त्या ठाऊक होत्या. बाहेरच्या जगाला अलीकडे ठाऊक झाल्या. २०२२ साली कोकणच्या इतर कातळशिल्पांबरोबर कुडोपीचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेले. त्या यादीत गेली नाहीत अशी शिल्पे कोणत्या सड्यांवर आहेत ते कोण सांगणार? चिरे कापणारे यंत्र काही थांबून बघत नाही.

आपल्या धम्मपरंपरेत या विषयाचे काय स्थान आहे असे विचारले जाते, तेव्हा बोधिवृक्षाचा आणि शालवनाचा उल्लेख होतो. तो योग्यच आहे. मला मात्र वर्षावासाची कथा अधिक जवळची वाटते. विनयपिटकातील महावग्गात ती आली आहे. आरंभी भिक्खू तिन्ही ऋतूंत चारिका करीत. पावसाळ्यात ते हिरवे गवत तुडवतात, बारीक जीवांना चिरडतात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरट्यात बसतात आणि हे हिंडतात, अशी तक्रार लोकांनी केली. तथागतांनी ती तक्रार रास्त मानली आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. गवत तुडवले जाते म्हणून संपूर्ण संघाने आपले चालणे थांबवले. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे हे तीन महिने म्हणजे नेमका आपल्या सड्याच्या बहराचा काळ.

या तीन महिन्यांत आपल्या विहारांतून बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत असतो आणि ग्रंथाच्या पहिल्याच भागात रोहिणी नदीचे प्रकरण येते. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा होतो. शाक्यांचा सेनापती युद्धाचा ठराव मांडतो आणि तरुण सिद्धार्थ त्याला विरोध करतो. त्याच्या विरोधाचा जो भाग आपण भावनेने ऐकतो तो युद्धाविरुद्धचा. पण त्याने एक अगदी व्यवहारी योजनाही मांडली होती : दोन माणसे आपण निवडावीत, दोन कोलीयांनी निवडावीत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. ठराव बहुमताने फेटाळला गेला. पुढे सैन्यात जाण्यास नकार दिल्यावर, त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालून त्यांची जमीन जप्त करण्याची भाषा संघात झाली, आणि कुटुंबाला शिक्षा होऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या स्वीकारली. बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण म्हणून पाण्याचा आणि जमिनीचा हा प्रसंग पुढे आणला. दरवर्षी ऐकूनही पंचांच्या त्या योजनेचा आपण गावात कधी उपयोग केलेला नाही.

आमच्या सातबाऱ्यावर चाळीसहून अधिक नावे आहेत. त्यांतली काही माणसे निवर्तली आहेत, वारसनोंदी झालेल्या नाहीत. बरेचजण विरार, नालासोपारा, डोंबिवली, कळव्याला राहतात. गावात राहणारी घरे मोजकी. दलाल हे सारे आपल्यापेक्षा चांगले जाणतो. तो गावात येत नाही. तो आधी मुंबईतल्या एकेका घरी जातो. मुलीच्या शिक्षणाचे शुल्क भरायचे असते, घराचे हप्ते थकलेले असतात, आणि समोर न पाहिलेल्या कातळासाठी पैसे मोजणारा माणूस बसलेला असतो. अशा वेळी सही करणाऱ्याला मी गद्दार म्हणणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर काय केले असते, हे मला खात्रीने सांगता येत नाही. कित्येकदा जमीन भोगवटादार वर्ग २ असते. ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. मग साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्र पुढे येते, आणि शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा होण्याचा धोका सही करणाऱ्याच्या माथी राहतो. हे कागद वाचता यावेत म्हणून तर आपल्याला शाळेत घातले होते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक गावाला गाव शाखा आणि मुंबई शाखा आहे. सड्यावरील जमिनीचा कोणताही व्यवहार पुढे आला की दोन माणसे गाव शाखेने द्यावीत, दोन मुंबई शाखेने. पाचवी व्यक्ती या चौघांनी निवडावी, आणि ती सड्याखालच्या विहिरीवर पाणी भरणारी असावी. मग तिचे नाव सातबाऱ्यावर असो वा नसो, ती आपल्या समाजाची असो वा शेजारच्या वाडीची. विहिरीला येणारे पाणी जात विचारून येत नाही. या पाचांनी मे महिन्यात एकदा आणि श्रावणात एकदा जमीन प्रत्यक्ष पाहावी आणि मगच मत द्यावे. एखाद्याला खरोखर पैशाची नड असेल, तर बाहेरच्याने येण्याआधी त्याचा हिस्सा बाकीच्यांनी मिळून घ्यावा. मुंबई शाखा विहार बांधायला निधी उभारू शकते, तर हेही तिला अवघड जाऊ नये.

विद्यालयालाही एक विनंती आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक ठिकाणी ती कोणीतरी बाहेरून भरून दिलेली असते. नववीच्या मुलामुलींनी सुटीत घरी जाताना एक वही न्यावी आणि आपल्या वाडीच्या सड्यावर काय उगवते, त्याला आजी काय म्हणते, कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, कातळावर कुठे काही कोरलेले आहे का, हे लिहून आणावे. पुढे कोणी 'पडीक' म्हणाला तर ग्रामसभेपुढे ठेवायला ती वही असेल. आणि विद्यालयाच्या मागचा कातळ, जिथे क्रीडांगण वाढवण्याचा विचार मधूनमधून निघतो, तिथे निर्णय घेण्यापूर्वी विश्वस्तांनी एकदा भाद्रपदात फेरी मारावी. अकेशियाची ओळ ओलांडून पलीकडे जावे लागेल.

आमच्या घरचा व्यवहार अजून ठरलेला नाही. काहींच्या सह्या झालेल्या आहेत, काहींच्या अडल्या आहेत. मे महिन्यात सगळे चाकरमानी गावी येतील तेव्हा बैठक घ्यायची, एवढे दोन्ही शाखांनी मान्य केले आहे. बैठक नेहमीप्रमाणे विहारात न घेता सड्याच्या पायथ्याच्या झऱ्यावर घ्यावी, असे काकीने सुचवले आहे. त्या दिवसांत तिथे एक घागर भरायला किती वेळ लागतो, ते मुंबईच्या मंडळींनी बसून बघावे असे तिचे म्हणणे आहे.